टाळ हाती देणे आणि मुलांचा वर्ग हाती देणे

शिक्षा भोगून सुटलेला माणूस भजनी मंडळात, चर्चमध्ये किंवा विहारात परत येऊ पाहतो, तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते, ‘अहो, वाल्याचा वाल्मीकी झाला की नाही?’ लगेच दुसरे कोणी विचारते, ‘उद्या काही घडले तर जबाबदार कोण?’ मग दोन तट पडतात आणि दोन्ही तट एकच चूक करतात. माणसाला जवळ करणे आणि माणसाच्या हाती अधिकार देणे या त्यांना एकच गोष्ट वाटतात.

किरकोळ गोंधळ आधी बाजूला ठेवतो. खटला चालू असलेला आरोपी म्हणजे दोषी ठरलेला माणूस नव्हे, आणि पॅरोलवर काही दिवसांसाठी आलेला कैदी म्हणजे शिक्षा पूर्ण करून सुटलेला माणूस नव्हे. एवढे बहुतेकांना ठाऊक असते.

खरा घोटाळा पुढे होतो. जवळ करणे म्हणजे काय, हे वारी ज्याने पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. तिथे एकमेकांना ‘माउली’ म्हणून पायाशी वाकताना समोरच्याचा पूर्वेतिहास कोणी विचारत नाही, कारण पंगतीत बसण्यासाठी पात्रता सिद्ध करावी लागत नाही. मुलांचा संस्कारवर्ग, दानपेटीची किल्ली किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाण्याचे काम यांचे तसे नाही. त्यावर कोणाचाही हक्क नसतो, शिक्षा न झालेल्याचाही नाही. म्हणून एखाद्याला वर्ग दिला नाही, तर त्याचे काही हिरावून घेतले असे होत नाही. ‘त्याने शिक्षा भोगली, हिशेब मिटला’ हे वाक्य मला विशेष खटकते. मिटला असेल तो शासनाशी असलेला हिशेब. ज्याच्यावर अत्याचार झाला, त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मंडळाला कोणी दिलेला नाही, आणि ती व्यक्ती कदाचित त्याच सभामंडपात मागच्या रांगेत बसलेली असते.

वाल्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी ती पूर्ण सांगावी. अंगावर वारूळ चढेपर्यंत तो बसून होता. नामाला बसल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला कोणी आश्रमाचा कारभारी केले नाही. लव-कुश त्याच्याच आश्रमात वाढले, असे कोणी म्हणेल. पण तेव्हा त्यांची आई तिथेच राहत होती. बुद्धांच्या काळातल्या अंगुलिमाल या खुनी दरोडेखोराची कथा याहून बोलकी आहे. बुद्धांनी त्याला संघात घेतले, तरी भिक्षेला निघाल्यावर लोकांनी मारलेले दगड त्याला सोसावे लागले. आणि लोकांची तक्रार आल्यावर कुख्यात चोराला यापुढे प्रव्रज्या म्हणजे भिक्षूची दीक्षा देऊ नये, असा नियमही झाला, असे विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, नोंदलेले आहे. करुणा आणि नियम एकाच परंपरेत, एकाच माणसाच्या निमित्ताने आले.

कायदाही पद पाहतो. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा कर्मचारीवर्गातील व्यक्तीने त्या संस्थेत बालकावर केलेला लैंगिक अत्याचार २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अधिक गंभीर गुन्हा ठरवला आहे. अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असल्यामुळे ‘आपसांत मिटवू’ ही सोय कोणत्याही मंडळाला नाही. दुसऱ्या बाजूला, वाळीत टाकण्याची खोड मोडण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, हेही दार बंद करू पाहणाऱ्यांनी आठवावे.

बंधन कोणते घालायचे, हे गुन्ह्यावरून ठरते. अपहार केलेल्या माणसाला हिशेबापासून दूर ठेवावे, पण त्याने अभंग शिकवायला माझी हरकत नाही. बालकावर अत्याचार केलेल्याला मात्र मुलांपासून दूरच ठेवावे, मग तो मृदंग कितीही सुरेख वाजवो. गोड गळ्याला आणि डोळ्यांतल्या पाण्याला चारित्र्याचा दाखला मानण्याची आपली सवय घातक आहे, कारण असा अत्याचार करणारे नेमका हाच विश्वास आधी कमावतात. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखलाही पुरेसा नाही, कारण जो कधी पकडलाच गेला नाही त्याचाही दाखला स्वच्छच असतो. त्यामुळे मुलांच्या वर्गात कायम दोन प्रौढ असावेत आणि दार उघडे असावे, हा नियम सर्वांनाच लागू हवा.

जवळ करणे आणि लक्ष ठेवणे एकत्र जमते, याचे उदाहरण कॅनडातले आहे. ऑन्टारियोमधील हॅमिल्टन येथे १९९४ मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका पाद्र्याने बालकांवरील अत्याचाराची शिक्षा संपवून आलेल्या माणसाभोवती आपल्या मंडळीतल्या स्वयंसेवकांचे एक वर्तुळ उभे केले. त्यांना त्याचा गुन्हा माहीत होता, ते त्याच्या अडीअडचणीला धावत आणि तो काय करतो, हे त्याला तोंडावर विचारत. त्यातूनच पुढे ‘आधार आणि उत्तरदायित्वाची वर्तुळे’ ही पद्धत इतर देशांत पसरली. इंग्लंडमधील चर्चमध्ये अशा व्यक्तीशी लेखी करारही करतात.

आपल्याकडे ठरावात ‘त्यांना सामावून घ्यावे’ एवढेच मोघम लिहिले जाते. त्याऐवजी त्यांनी कोणत्या वेळी यावे, कोणत्या कामात भाग घ्यावा, कोणत्या खोलीत जाऊ नये, सोबत कोणते दोन सदस्य असतील, त्यांच्या गुन्ह्याची माहिती नेमकी कोणाला असेल आणि सहा महिन्यांनी फेरविचार कोण करील, हे लिहावे. मग तो कागद आधी त्यांनाच वाचायला द्यावा आणि त्यांची सही घ्यावी.