अंतःस्तर पेशी आणि मूलपेशी प्रत्यारोपण

रक्तवाहिन्यांच्या आतील एकपदरी अस्तराच्या चपट्या पेशींना अंतःस्तर किंवा एंडोथेलियल पेशी म्हणतात. रक्तजनक मूलपेशींच्या, म्हणजे सर्व रक्तपेशी ज्यांच्यापासून बनतात त्या पेशींच्या, प्रत्यारोपणात (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) दात्याच्या पेशींना अस्थिमज्जेत वाट देणे आणि तेथे त्यांचे पोषण करणे यांत या पेशींचा मोठा वाटा असतो.

शिरेतून सोडलेल्या मूलपेशी मज्जेतील सायनुसॉइड या रुंद, पातळ भिंतीच्या वाहिन्यांत पोचतात. तेथे अस्तरावरील ई- व पी-सिलेक्टिन या चिकट रेणूंमुळे त्यांचा वेग मंदावतो, व्हीकॅम-१ हा दुसरा चिकट रेणू त्यांना धरून ठेवतो आणि सीएक्ससीएल१२ हे संकेत देणारे प्रथिन मज्जेत खेचते. या शेवटच्या दुव्याचा ग्राही (पेशीवरील संकेत टिपणारा रेणू) रोखणारे प्लेरिक्साफॉर हे औषध मूलपेशी उलट रक्तात आणते. म्हणून ते पेशी गोळा करण्यापूर्वी देतात.

मूलपेशींचे मज्जेतील नेमके स्थान वादग्रस्त आहे. त्यांना विशिष्ट परिसर लागतो, ही कल्पना संशोधक स्कोफील्ड यांनी १९७८ मध्ये मांडली. २००३ मधील दोन अभ्यासांनी हाडाच्या पृष्ठभागावरील अस्थिजनक पेशींना महत्त्व दिले. मॉरिसन यांच्या गटाला मात्र २००५ मध्ये पुष्कळ मूलपेशी सायनुसॉइडांलगत आढळल्या. याच गटाने २०१२ मध्ये स्टेम सेल फॅक्टर हे मूलपेशींना टिकवणारे प्रथिन अंतःस्तर पेशी व वाहिनीलगतच्या पेशींतून काढून टाकले, तेव्हा मूलपेशी घटल्या. अस्थिजनक पेशींतून काढल्यावर तसे झाले नाही. पुढच्या वर्षी फ्रेनेट यांच्या गटाने निद्रिस्त (विभाजन न होणाऱ्या) मूलपेशी धमनिकांजवळ, म्हणजे बारीक धमन्यांजवळ, असतात असे मत मांडले. २०१५ च्या खोलवर प्रतिमांकनाने पुन्हा सायनुसॉइडांकडे कौल दिला. वाहिनीलगतच्या स्थानाचा पुरावा आज अधिक भक्कम दिसतो, मात्र तो बहुतांशी उंदरांवरील आहे.

प्रत्यारोपणापूर्वीच्या तीव्र किरणोत्सर्गाने व रसायनोपचाराने हे अस्तरही होरपळते. रफी यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांत दाखवले, की व्हीईजीएफआर२ हा अंतःस्तर पेशींवरील वाढीचा संकेत घेणारा ग्राही रोखला तर सायनुसॉइड नीट सावरत नाहीत व रक्तनिर्मितीही रेंगाळते. यकृतातील सायनुसॉइडांना इजा झाल्यास सायनुसॉइड-अवरोध संलक्षण (या वाहिन्या तुंबण्याचा विकार) उद्भवते. त्याच्या गंभीर रूपावर डिफिब्रोटाइड हे औषध वापरतात.

दात्याच्या पेशींपासून नवे अस्तर घडते का? रक्तात अंतःस्तराच्या पूर्वज पेशी असतात, असे असाहारा व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नोंदवले. त्या नावाने ओळखल्या गेलेल्या पुष्कळशा पेशी प्रत्यक्षात रक्तवंशाच्याच असल्याचे योडर यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवल्यावर हा दावा पातळ झाला. प्रत्यारोपणानंतर अस्तर मुख्यतः प्रत्यारोपण घेणाऱ्या रुग्णाचेच राहते, असे मानणे सयुक्तिक वाटते.