सी कंपायलर: प्रीप्रोसेसरचा स्पीड आणि 'पेडँटिक'चा जुना घोळ

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रीप्रोसेसर (कंपाइल व्हायच्या आधी कोडवर फिरणारा टप्पा) आला १९७२-७३ च्या सुमारास. आधी फक्त इन्क्लूड (दुसरी फाइल आत घेणं) आणि साधं डिफाइन (एका नावाच्या जागी दुसरा मजकूर टाकणं) होतं, आर्ग्युमेंटवाले मॅक्रो नि इफडेफ (अट बघून कोड घेणं किंवा वगळणं) नंतर आले. पोर्टेबिलिटी, म्हणजे कोड दुसऱ्या मशीनवरही चालेल का, ते बघायला लिंट नावाचा वेगळा प्रोग्राम होता, त्याच्या एका ऑप्शनमध्ये एक्स्टर्नल नावं सहा अक्षरांवर कापून तपासली जायची, कारण काही मशीनवरच्या लिंकरना (कंपाइल झालेले तुकडे जोडणारे प्रोग्राम) तेवढीच कळायची.

खरी गंमत जीसीसीची, म्हणजे जीएनयूच्या सी कंपायलरची. तिथंही प्रीप्रोसेसर बरीच वर्षं वेगळा प्रोग्राम होता, म्हणजे सगळा सोर्स वाचायचा, परत टेक्स्ट म्हणून लिहायचा आणि मग कंपायलरने तेच पुन्हा टोकनमध्ये (शब्द-चिन्हांच्या तुकड्यांत) तोडायचं, डबल काम. २००१ मध्ये ३.० आलं आणि प्रीप्रोसेसर कंपायलरच्या आतच गेला. २००४ मध्ये ३.४ सोबत प्रीकंपाइल्ड हेडर आले, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या हेडर फाइली आधीच कंपाइल करून ठेवायची सोय.

आता 'पेडँटिक', म्हणजे जीसीसीला स्टँडर्डबाबत जास्त काटेकोर करणारा फ्लॅग. लोकांना वाटतं हा फ्लॅग लावून वॉर्निंग आली नाही की कोड पोर्टेबल. तसं अजिबात नाही! सीचं अधिकृत स्टँडर्ड जिथं डायग्नोस्टिक (चुकीचा इशारा) द्यायलाच पाहिजे म्हणतं, मुख्यतः तिथंच तो बोलतो. त्यामुळे १९८९ च्या स्टँडर्डच्या मोडमध्ये 'लाँग लाँग' (मोठ्या पूर्णांकाचा टाइप) लिहिलं की तक्रार, जे आज जवळजवळ सगळीकडे चालतं, आणि 'लाँग' ८ बाइटचाच असणार असं धरून लिहिलेला कोड बिनबोभाट पास, जो ६४ बिट लिनक्सवर चालतो आणि विंडोजवर आपटतो कारण तिथं तो ४ बाइटचाच. सिस्टिम हेडरमधल्या वॉर्निंग तर बाय डिफॉल्ट दाबलेल्याच असतात. मेंटेनर लोकांनी मॅन्युअलमध्ये सरळ लिहून ठेवलंय की पूर्ण कन्फॉर्मन्स (कोड स्टँडर्डला धरून आहे का) तपासणं हे वेगळंच मोठं काम आहे आणि इतक्यात करायचा विचार नाही. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो, पण मग फ्लॅगचं वर्णन ऑप्शनच्या यादीतच अजून ठळक हवं होतं, कारण कित्येक प्रोजेक्ट त्याच भरवशावर दुसऱ्या मशीनवर गेले.

कुठलं स्टँडर्ड धरायचं याचा डिफॉल्टपण फार उशिरा हलला. २०१५ मध्ये जीसीसी ५ येईपर्यंत ८९ चाच जीएनयू अवतार चालू होता. आणि डिक्लेअर न करता फंक्शन बोलवणं, जे सी९९ नेच (१९९९ च्या स्टँडर्डने) काढून टाकलं होतं, ते बाय डिफॉल्ट एरर व्हायला २०२४ चं जीसीसी १४ उजाडलं. त्यात जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टची (मशीनवर काय काय उपलब्ध आहे ते आधी तपासणाऱ्या) अडचण झाली, हेडर न घेता लिहिलेले त्यांचे छोटे टेस्ट प्रोग्राम कंपाइल होईनात आणि असलेलं फंक्शनसुद्धा 'नाही' म्हणून नोंदलं जायला लागलं.