एक प्रोजेक्ट, अनेक ॲप : युआरएलच्या वाटणीमागचा इतिहास

एखाद्या कॉलेजच्या वेबसाइटवर प्रवेश, ग्रंथालय आणि निकाल अशी तीन ॲप असली, तर आलेला युआरएल कुणाच्या हवाली करायचा? जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क. पुण्यातला जँगोवाला क्षणात सांगेल : प्रोजेक्टच्या, म्हणजे अख्ख्या साइटच्या, युआरएल फाइलमध्ये तीन ओळी लिहा आणि प्रत्येकीत त्या त्या ॲपची युआरएल फाइल ‘इन्क्लूड’ करा. बरोबरच आहे. पण ही वाटणी जँगोच्या जन्माआधीची आहे.

सुरुवातीच्या वेबवर युआरएल म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हरच्या डिस्कवरच्या फाइलचा पत्ता, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच नव्हता. १९९३ मध्ये सीजीआय, म्हणजे सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवायची पद्धत, आली आणि त्या पत्त्यावर चालता प्रोग्राम बसला. सर्व्हर मग पत्त्याचे दोन भाग करू लागला : प्रोग्रामपर्यंत पोचवणारा तो ‘स्क्रिप्ट नेम’ आणि त्यापुढे उरलेला तो ‘पाथ इन्फो’. मला विचाराल तर मूळ कल्पना इथेच पुरी झाली होती. आपण कुठे बसवलो गेलोय हे प्रोग्रामने गृहीत धरायचं नाही, ते त्याला बाहेरून कळतं.

मधल्या काळात मात्र गाडी भरकटली. १९९६ मध्ये राल्फ एंगेलशाल यांनी अपाचे या वेब सर्व्हरसाठी मॉड-रीराइट हे पत्ते बदलून देणारं मॉड्यूल लिहिलं. साधन जबरदस्त, पण पत्त्यांचे नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये आणि कोड भलतीकडेच. ॲप दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं म्हणजे ते नियमही शोधून सोबत न्यायचे. २००३ च्या डिसेंबरमध्ये डब्ल्यूएसजीआयचा, म्हणजे सर्व्हर आणि पायथन ॲप जोडायच्या ठरावीक पद्धतीचा, मसुदा आला, त्यात सीजीआयची ती दोन्ही नावं जशीच्या तशी ठेवली होती.

जँगो त्याच सुमाराला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहराच्या वृत्तपत्राच्या वेब विभागात आकाराला येत होतं. ते बनवणारे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन तिथे काम करत होते. त्या एका विभागाकडे बातम्या, शहरातले कार्यक्रम, विद्यापीठाचे खेळ अशा वेगवेगळ्या साइट होत्या आणि डेडलाइन वृत्तपत्राच्या. अशा ठिकाणी एकदा लिहिलेलं ॲप दुसऱ्या साइटवर उचलून नेता आलं पाहिजे, ही गरज रोजची. जुलै २००५ मध्ये जँगो सर्वांसाठी खुलं झालं. इन्क्लूड चालतं ते असं : पत्त्याचा जुळलेला भाग प्रोजेक्ट कापून ठेवतो आणि उरलेला ॲपकडे देतो. ४११०३० हा पिनकोड बघून पत्र सदाशिव पेठेकडे निघावं आणि घर नंबर तिथल्या पोस्टमनने बघावा, तसंच. ‘ग्रंथालय/’ ही पाटी प्रोजेक्टच्या मालकीची, ॲपच्या नव्हे. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, हाताने ‘/ग्रंथालय/’ लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

दोन ॲपमध्ये ‘डिटेल’ नावाचा पत्ता असला की गोंधळ व्हायचा. त्यावर जुलै २००९ च्या १.१ आवृत्तीत नेमस्पेस, म्हणजे पत्त्याच्या नावाआधी लावायची ॲपची ओळख, आले. एकच ॲप एका प्रोजेक्टमध्ये दोन ठिकाणी बसवणंही त्यामुळे शक्य झालं, पण ते फारसं कुणी करत नाही.

२०११ मध्ये इतरांनीही हीच वाट धरली : फ्लास्क या पायथनच्याच दुसऱ्या फ्रेमवर्कच्या ०.७ मध्ये ब्लूप्रिंट आले, तर रूबी भाषेतल्या रेल्सच्या ३.१ मध्ये माउंट करता येणारी, म्हणजे मोठ्या ॲपमध्ये बसवता येणारी इंजिनं.

डिसेंबर २०१७ मधल्या जँगो २.० ने पत्ता जुळवायला रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे चिन्हांच्या किचकट नमुन्याच्या, ऐवजी साधं ‘पाथ’ दिलं, आणि ४.० मध्ये जुनं ‘युआरएल’ फंक्शन काढूनच टाकलं. मेंटेनन्सला आलेल्या जुन्या प्रोजेक्टमध्ये त्या नमुन्यांतली ‘^’ आणि ‘$’ ही चिन्हं अजूनही भेटतात, पण इन्क्लूडचं काम तेच राहिलं. आता बऱ्याच टीम ॲपच वेगळी सर्व्हिस करतात आणि वाटणी पुढे उभ्या असलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर सोपवतात. तिथे पत्त्याचा पुढचा भाग कापला गेला आणि जँगोला तो कळला नाही, की सगळ्या लिंक चुकतात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये जे भरावं लागतं, त्याचं नाव आहे ‘फोर्स स्क्रिप्ट नेम’.