टोकायची हवीहवीशी बुरशी

पिकल्या घडावर करडी बुरशी दिसली की नाशिक-तासगावच्या बागायतदाराची झोप उडते. ईशान्य हंगेरीतल्या टोकाय भागात मात्र शरद ऋतूत तिचीच वाट पाहतात. बुरशीचं नाव बोट्रायटिस सिनेरिया. पाऊस लागून राहिला तर ती तिथेही घड कुजवते. हवामान जुळलं तरच तिच्यातून ऑसू ही गोड वाइन होते.

झेम्प्लेन डोंगरांच्या ज्वालामुखीजन्य उतारांवर या बागा आहेत आणि टोकाय गावाशी बोद्रोग नदी तिसेला मिळते. पहाटे नद्यांवरून धुकं चढतं. त्या ओलाव्यात बुरशी रुजते, मण्याची साल भेदते. दुपारी ऊन-वारा आला की तिची वाढ मंदावते आणि सालीच्या छिद्रांतून पाणी उडून जातं. बुरशी थोडी साखर आणि आम्ल खाते खरी, पण पाणी त्याहून जास्त जातं, म्हणून रस घट्ट होतो. शिवाय ग्लिसरॉल आणि नवे सुगंधी घटक तयार होतात. बेदाण्यात हे घडत नाही.

श्रेय सगळं बुरशीला दिलं जातं. मला विचाराल तर अर्धं तरी फुरमिंटला द्यावं. इथे परवानगी असलेल्या सहा वाणांत सर्वाधिक लागवड याचीच. हा पांढरा वाण उशिरा पिकतो आणि त्यात आम्ल भरपूर असतं. ते नसतं तर एवढी साखर घशाखाली उतरली नसती. सुगंधी हार्शलेवेलू ही फुरमिंटचीच संतती.

सुकलेले मणी हाताने एकेक वेचून ताज्या रसात किंवा वाइनमध्ये भिजवतात. पूर्वी सुमारे १३६ लिटरच्या पिंपात अशा मण्यांच्या किती पुत्तोन्य, म्हणजे पंचवीसेक किलोच्या टोपल्या, पडल्या यावर वाइनची प्रत ठरे. २०१३ च्या नियमांनुसार ऑसूत लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते.

वेचलेल्या मण्यांच्या स्वतःच्याच भाराने जो रस झिरपतो, तो एसेंत्सिया. त्यात लिटरमागे निदान ४५० ग्रॅम साखर! मुरांबा टिकतो त्याच कारणाने इथे यीस्ट अडतं: दाट साखर पेशींतलं पाणी ओढून घेते. म्हणून वर्षानुवर्षं आंबूनही यात अल्कोहोल जेमतेम काही टक्के असतं.

ऑसूचा शोध १६३० च्या सुमारास एका धर्मोपदेशकाने लावला, ही कथा आवडीने सांगतात. पण १५७१ च्या दस्तऐवजातच ऑसूचा उल्लेख आहे. १७३७ मध्ये राजाज्ञेने या प्रदेशाच्या सीमा आखल्या गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा लहानसा तुकडा आजच्या स्लोव्हाकियाच्या बाजूला गेला.

एखाद्या वर्षी शरद कोरडा जातो आणि बुरशी धरतच नाही. तेव्हा ऑसू फार थोडी होते किंवा होतच नाही. मग फुरमिंटची नितळ, कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन करतात. अलीकडे तर ती मुद्दामच केली जाते, आणि तिला मागणीही चांगली आहे.