पीडीएफमधले अंतर्गत दुवे

वर्ड, लिबरऑफिस, इनडिझाइन किंवा वेबपान अशा कुठल्याही मूळ फाइलची पीडीएफ केल्यावर तिच्यातल्या तिच्यात नेणाऱ्या लिंक चालू राहणे, आणि त्यासाठी आधीपासून घ्यायची काळजी, हा या नोंदीचा विषय. अनुक्रमणिकेतून प्रकरणावर, तळटिपेच्या आकड्यावरून टिपेवर, ‘पृ. २१२ पाहा’ या शब्दांवरून खरोखरच त्या पानावर जाता येणे म्हणजे अंतर्गत दुवा. बाहेरच्या संकेतस्थळाची लिंक तुटली तर दोष त्या स्थळाकडे असू शकतो. अंतर्गत दुवा तुटला तर तो फाइल करणाऱ्याच्याच हातून तुटलेला असतो.

बडोद्यात प्रस्तुत लेखकाला हा विषय शिकवला तो एका कुलवृत्तांताने. गायकवाडांच्या चाकरीनिमित्त कोकणातून, पुण्या-साताऱ्याकडून येऊन इथे स्थिरावलेल्या घराण्यांपैकी हे एक. कुलवृत्तांताची रचनाच मुळी दुव्यांवर उभी असते. प्रत्येक व्यक्तीला क्रमांक, बापाच्या नोंदीत मुलांचे क्रमांक, दत्तक गेलेल्याच्या नोंदीत ‘पुढे शाखा ३, क्र. ४१२ पाहा’. छापील ग्रंथात वाचक बोट घालून पाने उलटतो. पडद्यावर मात्र तेवढी चिकाटी राहत नाही. ४१२ वर टिचकी मारून काही घडले नाही, तर पणजोबांचा धागा तिथेच सुटतो.

पीडीएफ हे स्वरूप ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले. २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. या स्वरूपातली एक गोष्ट नीट लक्षात घेतली की बाकीचे बरेचसे कोडे सुटते. पानावर दिसणारी अक्षरे आणि लिंक या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. ‘४१२ पाहा’ ही अक्षरे पानाच्या चित्रणाचा भाग असतात, तर लिंक म्हणजे त्यांच्यावर ठेवलेला एक अदृश्य चौकोन. त्याच्या चार कडांची जागा पॉइंटांत मोजलेली असते, ७२ पॉइंटांचा एक इंच, आणि मोजणी पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून. ए-४ पान म्हणजे साधारण ५९५ बाय ८४२ पॉइंट. अक्षर निळे आणि अधोरेखित दिसले म्हणजे लिंक आहे असे नव्हे. चौकोन नसेल तर तो नुसता निळा रंग.

चौकोनावर टिचकी मारल्यावर कुठे जायचे, हे दोन तऱ्हांनी लिहिता येते. हा फरक सांगायला ग्रंथालयाचे उदाहरण सोयीचे आहे, आणि ते बडोद्यात शोधावे लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची उभारणी सुरू केली, आणि बॉर्डन यांनी इथल्या पुस्तकांसाठी स्वतःची वर्गीकरण पद्धत आखली. ग्रंथपालाने ‘तिसरे कपाट, वरून दुसरा कप्पा’ असे सांगितले तर ते झाले थेट ठिकाण. वर्गांक सांगितला तर ते झाले नावाने सांगितलेले ठिकाण, कपाट हलवले तरी चालणारे. पीडीएफमध्येही थेट ठिकाण म्हणजे अमुक पान, त्यावरची अमुक उंची, अमुक झूम. नावाचे ठिकाण म्हणजे ‘शाखा३-४१२’ असे एक नाव, आणि ते नाव कोणत्या पानावर आहे हे फाइलच्या आत एका सूचीत नोंदलेले. दुसऱ्या फाइलमधून नेमक्या जागी यायचे असेल तर नावच जास्त भरवशाचे. खुद्द या शहराचे नाव १९७४ मध्ये अधिकृतपणे वडोदरा झाले. कुलवृत्तांतातल्या जुन्या शीर्षकात ‘बडोदे’ होते, नव्या पिढीने ते ‘वडोदरा’ करून घेतले. शीर्षक बदलले तरी आतली खूण, म्हणजे ठिकाणाचे नाव, तीच ठेवली होती, म्हणून तिच्याकडे येणारी एकही लिंक हलली नाही. दिसणारा मजकूर आणि खुणेचे नाव वेगळे ठेवण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा.

लिंक मरतात त्या बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ न करता ‘प्रिंट’ दाबून, प्रिंटरच्या यादीतून पीडीएफवाला प्रिंटर निवडला जातो. हा प्रिंटर फक्त शाई कुठे पडायची एवढेच जाणतो. त्याच्याकडे पानाचे चित्र पोचते, चौकोन पोचत नाहीत, कारण कागदावर टिचकी मारायची सोय कधी नव्हतीच. फाइल दिसायला हुबेहूब निघते, आणि म्हणूनच चूक उशिरा कळते. मॅकवरच्या वर्डमध्ये एक्स्पोर्ट करतानाही दोन पर्याय पुढे येतात. छपाईसाठीचा निवडला तर लिंक जातात, इलेक्ट्रॉनिक वितरणासाठीचा निवडला तर राहतात.

मूळ फाइलमध्ये काय हवे, ते प्रोग्रॅमगणिक बदलते. वर्डमध्ये शीर्षकांना हाताने ठळक न करता हेडिंग स्टाइल द्यावी. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते, तिच्या ओळी लिंक होतात, आणि सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये ‘क्रिएट बुकमार्क्स युजिंग हेडिंग्ज’ वर खूण केली की पीडीएफच्या डाव्या पट्टीत शीर्षकांची यादीही येते. मजकुरातल्या एखाद्या जागेला स्वतः द्यायच्या बुकमार्कच्या, म्हणजे खुणेच्या, नावात मोकळी जागा चालत नाही, सुरुवात अक्षराने व्हावी लागते आणि लांबी ४० चिन्हांपर्यंतच. लिबरऑफिसमध्ये अनुक्रमणिकेच्या रचनेत लिंकचा आरंभ आणि शेवट दाखवणारे दोन ठोकळे असतात. ते गळले तर अनुक्रमणिका दिसते पण नेत नाही. त्याच्या पीडीएफ एक्स्पोर्टच्या खिडकीत लिंकसाठी स्वतंत्र टॅब आहे, बुकमार्कना नावाची ठिकाणे बनवायची सोय तिथेच. इनडिझाइनमध्ये एक्स्पोर्टच्या वेळी ‘हायपरलिंक्स’ आणि ‘बुकमार्क्स’ या दोन चौकटींवर खूण लागते. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिंकसाठीचे हायपररेफ हे पॅकेज वापरून फाइल निदान दोनदा चालवावी लागते. पहिल्या फेरीत खुणा नोंदल्या जातात, दुसऱ्या फेरीत लिंक त्यांच्याशी जुळतात.

मराठी मजकुराची अडचण याहून वेगळी, आणि माहितीपत्रकांत ती सहसा सापडत नाही. जुने डीटीपी काम युनिकोडपूर्व फाँटांत झालेले असते, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्याआधीच्या. त्यांत ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. पानावर फाँट बरोबर असल्याने वाचायला अडत नाही, चौकोनही चालतो. पण डावीकडची बुकमार्कची पट्टी तो फाँट वापरत नाही, आणि ‘शाखा तिसरी’च्या जागी चिन्हांचा गाळ उमटतो. मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय यावर इलाज नाही, आणि ते काम लिंक घालण्याआधी करायचे असते.

युनिकोडमध्येही एक जागा फसवी आहे. ‘कारभाऱ्यांची यादी’ हे शीर्षक घ्या. यातला रफार नसलेला, चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ या स्वतंत्र अक्षरापुढे हलन्त देऊन, ‘कारभाऱ्यांची’. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून, ‘कारभार्‍यांची’. डोळ्यांना काही फरक नाही, यंत्राला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. वेबपानात किंवा मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मांडणी दाखवण्याच्या लेखनपद्धतीत, खुणेचे नाव बहुधा शीर्षकावरून आपोआप पडते. लिंक लिहिणाऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने टाइप केले की दोघांची गाठ पडत नाही. बडोद्यात एकाच टेबलावर गुजराती, हिंदी आणि मराठी टाइप होते, कीबोर्डही बदलत राहतात, त्यामुळे एकाच फाइलमध्ये दोन्ही तऱ्हा सापडणे अगदी साहजिक आहे. त्या कुलवृत्तांतात ‘कारभाऱ्यां’च्या प्रकरणाकडे जाणाऱ्या लिंकपैकी निम्म्या चालत होत्या, निम्म्या नव्हत्या, आणि दोन संध्याकाळी घालवल्यावर कारण निघाले ते या एका अर्ध्या र-मध्ये. म्हणून खुणांची नावे देवनागरीत ठेवूच नयेत, रोमन अक्षरे आणि आकडे वापरावेत, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. देवनागरी नाव वेबच्या पत्त्यात गेले तर प्रत्येक अक्षरखुणेची नऊ चिन्हे होतात, हे आणखी एक कारण.

पीडीएफ तयार झाल्यावरही धोका टळत नाही. पाने मध्ये घातली तर आतल्या लिंक सहसा टिकतात, कारण त्या पानाच्या छापील आकड्याकडे बोट दाखवत नसून त्या पानाच्या वस्तूकडेच दाखवतात. पान काढून टाकले तर मात्र चौकोन राहतो आणि ठिकाण नाहीसे होते. दोन फाइली जोडताना दोन्हींत ‘परिशिष्ट’ नावाची खूण असली तर एकीची लिंक दुसरीच्या परिशिष्टात उतरू शकते. छपाईसाठी एका मोठ्या कागदावर अनेक पाने मांडतात, ज्याला प्रेसवाले इम्पोझिशन म्हणतात, त्यात लिंक जवळजवळ नेहमीच गळतात. त्यामुळे प्रेसची फाइल आणि पडद्याची फाइल आधीपासून वेगळ्या ठेवाव्यात.

कुलवृत्तांताच्या फाइलमध्ये जुनी छायाचित्रे बरीच होती, म्हणून फाइल ईमेलने जाईना. एका मोफत ऑनलाइन सेवेतून ती हलकी करून घेतली आणि नातेवाइकांना पाठवली. त्या सेवेने प्रत्येक पानाचे चित्र करून टाकले होते. लिंक गेल्या, मजकुरातला शोधही गेला. पुण्याहून एका वडीलधाऱ्या आत्यांचा फोन आला, “अरे, अनुक्रमणिकेवर बोट ठेवते तर काहीच होत नाही.” त्यानंतर नियम ठरला की छायाचित्रे मूळ फाइलमध्येच लहान करायची, तयार पीडीएफला हात लावायचा नाही.

तपासणी हातानेच करावी लागते. अनुक्रमणिकेची पहिली, मधली आणि शेवटची ओळ दाबून पाहणे पुरेसे नाही, कारण तुटलेली लिंक सहसा तळटिपांत नाहीतर परिशिष्टात सापडते. बाण लिंकवर आला की त्याचा हात होतो. पोचल्यावर शीर्षक पडद्याच्या वरच्या कडेला दिसते का, की अर्धे पान खाली सरकावे लागते, हेही पाहावे. झूम अचानक बदलत असेल तर ठिकाणात झूमचा आकडा अडकलेला असतो. तो काढून वाचकाचा चालू झूमच राहू द्यावा.

परत येण्याची सोय मात्र पुष्कळदा राहून जाते. संगणकावर ॲक्रोबॅटमध्ये ऑल्ट आणि डावा बाण दाबला की आधीच्या जागी परतता येते, टॅबलेटवर हे सगळ्यांना सापडत नाही. आत्यांसाठी प्रत्येक नोंदीच्या शेवटी बापाच्या क्रमांकाची एक छोटी लिंक घातली. ४१२ च्या खाली आता ‘वडील : क्र. २९८’ असे आहे, आणि तिथून वर, शाखेच्या मूळ पुरुषापर्यंत, एकेक टिचकी मारत जाता येते.