फोटोशॉप ७ आणि मराठी अक्षरं : पार्श्वभूमी

ॲडोबी कंपनीचं २००२ सालचं फोटोशॉप ७ हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर आजही मराठी मुलखातल्या फोटो स्टुडिओंत एखाद्या जुन्या संगणकावर चालू असलेलं दिसतं. पासपोर्ट फोटोची शीट, श्रद्धांजलीचा फ्लेक्स, मालकाचा ठेवणीतला अल्बम, सगळं त्यातच. असं का, म्हणून विचारलं की चोरीची सीडी हे उत्तर ठरलेलं. ते खोटं नाही, पण पुरत नाही. त्यानंतरच्या सीएस२ आणि सीएस३ या आवृत्त्याही त्याच गल्लीत, त्याच भावात मिळत होत्या. तरी लोक सातवर थांबले. त्याची बरीचशी कारणं देवनागरी अक्षरांपाशी येऊन पोचतात, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मॅकच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा भाऊ चित्रपटांच्या दृश्यपरिणामांच्या कामात होता, त्याने यातला धंदा ओळखला. त्यातून झालेल्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची, फक्त मॅकसाठी. विंडोजवर ती १९९२ च्या अखेरीस आली, लेयर (चित्राचे एकावर एक सुटे थर) १९९४ मध्ये, ॲक्शन (कामाच्या पायऱ्या नोंदवून एका फटक्यात परत करून घेणं) १९९६ मध्ये, हिस्टरी (केलेल्या पायऱ्यांवरून मागे जाणं) १९९८ मध्ये. आपल्याकडच्या स्टुडिओंना यातलं काहीच वेळेवर भेटलं नाही. तेव्हा रोल धुतला जात होता आणि टचिंग, म्हणजे फोटोची डागडुजी, हाताने ब्रश फिरवून व्हायचं. फोटोशॉप असायचं ते शहरातल्या छापखान्यांत, जाहिरात कंपन्यांत, स्कॅनर परवडणाऱ्या, संगणकावर छपाईची पानं रचणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे.

सातवी आवृत्ती आली आणि बरोबर त्याच सुमारास डिजिटल कॅमेरे दुकानांत शिरले. योग असा जुळला. तिला १२८ एमबी रॅम पुरायची, म्हणजे असेंबल केलेल्या साध्या पीसीवरही ती उघडायची. हीलिंग ब्रश तिच्यातच पहिल्यांदा आला. त्याआधी स्टॅम्प टूलने गालावरचा डाग पुसला की तिथे ठिगळ लावल्यासारखं दिसायचं. हीलिंग ब्रश शेजारच्या कातडीचा पोत उचलतो, पण उजेड आणि रंग मूळ जागेचा ठेवतो. आजोबांच्या चिरा पडलेल्या फोटोवरून नवा फोटो करून देण्याचा जोडधंदा यावरच उभा राहिला. शिवाय सिरीयल नंबर टाकला की काम झालं. २००३ च्या सीएसपासून विंडोजवर ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रत कंपनीकडून मंजूर करून घेणं, सुरू झालं, मग क्रॅक शोधा, इंटरनेट बंद ठेवा, अशी कटकट मागे लागली.

मग करिझ्मा अल्बम आले, म्हणजे संगणकावर रचून छापलेल्या मोठ्या पानांचे लग्नाचे अल्बम. बारा बाय छत्तीस इंचांचं एक पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, धरलं तर ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख. एका पिक्सेलला तीन बाइट, की एका लेयरलाच ११० एमबीच्या वर जागा. त्यावर नवरानवरीचे चार-पाच फोटो, मागे डीव्हीडीतून घेतलेली पीएसडीची (फोटोशॉपच्या, लेयर सुटे ठेवणाऱ्या फाइलीची) सजावट, आणि मशीनमध्ये रॅम ५१२ एमबी. रॅम संपली की फोटोशॉप हार्ड डिस्कवरची जागा वापरतं, ती स्क्रॅच डिस्कही भरली की सगळं गोठायचं. ज्याची तक्रार कमी, ते सॉफ्टवेअर बरं, हा हिशेब यातूनच आला, आणि सातची तक्रार सर्वांत कमी होती. पासपोर्टसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटरचा क्रॉप, कडेला बारीक रेघ, चार बाय सहा इंची कागदावर आठ फोटो, हे सगळं एका ॲक्शनमध्ये बांधून कीबोर्डवरची एफ-की दिली की गिऱ्हाईक केस विंचरून आरशासमोरून हलेपर्यंत शीट तयार. कोट-टायची पीएसडी गळ्याखाली बसवणं हा त्याच्या पुढचा धडा.

या सगळ्यात मराठी कुठे होतं, तर फॉन्टच्या आत लपलेलं. श्री-लिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, किरण, कृतिदेव ही नावं ज्यांच्या हाताखालून गेली त्यांना वेगळं सांगायला नको. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे भरलेले असायचे. घरं जेमतेम अडीचशे, त्यातली काही वापरता न येणारी. त्यामुळे काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा स वेगळा, रफार वेगळा, असे सुटे भाग एकापुढे एक ठेवून शब्द उभा करायचा. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. फोटोशॉपच्याही लेखी. म्हणूनच फोटोशॉपला देवनागरीचा गंध नसताना त्यात उत्तम मराठी उमटायचं.

ही युक्ती हुशारीची होती, यात वाद नाही. देखणे फॉन्ट तिच्यामुळे मिळाले, वर्तमानपत्रं तिच्यावर चालली, पुण्यातल्या काही सॉफ्टवेअर घरांनी त्यावर चांगला व्यवसाय केला आणि तो हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायची छोटी कळ, जिच्याविना सॉफ्टवेअर चालत नाही) लावून राखला. पण प्रत्येक कंपनीची घरांची मांडणी वेगळी. एका फॉन्टमध्ये जिथे ‘क’ तिथे दुसऱ्यात ‘ष्ट’. पीएसडी दुसऱ्या दुकानात नेली आणि तिथे तोच फॉन्ट नसला, की वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जागी रोमन अक्षरांचा खच. यावर स्टुडिओंनी काढलेला उपाय म्हणजे फाइल देण्याआधी टेक्स्ट लेयर रास्टराइज करणे, म्हणजे अक्षरांचं चित्रच करून टाकणे. मीही एका फ्लेक्सवाल्याकडे अशीच फाइल दिली होती. नावात दीर्घ वेलांटी हवी होती तिथे ऱ्हस्व निघाली, आणि एका वेलांटीसाठी सगळी ओळ पुन्हा रचावी लागली. असं न झालेला माणूस या धंद्यात मला भेटलेला नाही.

तोवर दुसरीकडे युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, आलं होतं. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह मराठी नीट दिसू लागली. विंडोज एक्सपीत त्यासाठी सीडी घालून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा, म्हणजे जोडाक्षरांसारखी गुंतागुंत असलेल्या लिप्यांचा, पर्याय चालू करावा लागे, पण एकदा केला की नोटपॅडमध्ये, फोल्डरच्या नावांत, अगदी साध्या पेंटमध्येसुद्धा मराठी शुद्ध. तोच शब्द कॉपी करून फोटोशॉपमध्ये टाकला की त्याची हाडं वेगळी व्हायची. ‘शिवजयंती’ची पहिली वेलांटी ‘श’च्या मागे जाऊन पडायची. ‘स्वागत’मधला ‘स’ पूर्ण, त्याच्या पायाशी हलन्त, शेजारी ‘व’. ‘कार्यक्रम’चा रफार डोक्यावर चढायलाच तयार नसे.

कारण तांत्रिक आहे आणि निर्णयाचंही आहे. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. वेलांटी आधी दाखवणं, जोडाक्षर घडवणं, रफार उचलून पुढच्या अक्षरावर ठेवणं हे काम फॉन्ट आणि मजकूर मांडणारं इंजिन मिळून करतात. विंडोजकडे असं इंजिन होतं. फोटोशॉपने ते वापरलं नाही, कारण मॅक आणि विंडोज दोन्हीकडे ओळ एकसारखीच पडावी म्हणून त्याचं स्वतःचं इंजिन होतं. ते रोमन जाणत होतं, चिनी-जपानी-कोरियन जाणत होतं. अरबी आणि हिब्रूसाठी फ्रान्समधल्या एका भागीदार कंपनीकडून निराळी मध्यपूर्व आवृत्ती निघायची. देवनागरीसाठी बरीच वर्षं काहीच नाही.

याचं समर्थन करणारे म्हणतात की भारतात विकत घेणारेच नव्हते, मग कुणासाठी खटपट करायची? हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. फोटोशॉप अमेरिकेत सहाशे-सातशे डॉलरला मिळायचं, तेवढ्या पैशांत इथे दोन पीसी उभे राहिले असते. पण ॲडोबीच्या भारतातल्या कार्यालयांत शेकडो अभियंते कामाला असताना कंपनीला देवनागरी दिसत नव्हती, हे पचायला जड जातं. आणि जी वस्तू माझी भाषा लिहीत नाही ती मी विकत का घेऊ, हा उलटा प्रश्न तेवढाच रास्त आहे. स्टुडिओवाल्याने चोरीची सात वापरली, त्यावर परवान्याचा मराठी फॉन्ट लॉकसकट पैसे मोजून घेतला, असं चित्र कितीतरी ठिकाणी होतं. म्हणजे पैसे द्यायला लोक तयार होते. ज्याने मराठी दिली त्याला दिले.

तिसरी बाजू क्वचित बोलली जाते. जुन्या फॉन्टांनी काम भागत होतं म्हणून दुरुस्तीची मागणीच वर पोचली नाही. फॉन्टवाल्यांना घाई नव्हती, दुकानदाराचा हात जुन्या कीबोर्डवर बसलेला, आणि गिऱ्हाइकाला कागदावर अक्षर दिसण्याशी मतलब. सीएस२वर गेलो तरी टाइप करायला तेच फॉन्ट, मग जायचं कशाला? माझ्या मते सातचं आयुष्य सर्वांत जास्त वाढवलं ते याच प्रश्नाने.

गंमत अशी की फुकटातला गिंप, फोटोशॉपसारखाच एक प्रोग्राम, या बाबतीत पुढे होता. २००४ च्या दोन क्रमांकाच्या आवृत्तीपासून त्याचा मजकूर पँगो नावाच्या मांडणी-संचावर चालतो आणि त्याला देवनागरीची जोडणी येत होती. पण गिंपमध्ये सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत, नव्हतं, विकतच्या पीएसडी सजावटी त्यात धड उघडत नव्हत्या, आणि फोटो छापणारा लॅबवाला विचारायचा, ‘हे कशात केलंय?’ हौशी माणसाला चालेल, दुकानाला नाही. मी बराच काळ मराठी ओळ गिंपमध्ये लिहून, पारदर्शक पीएनजी काढून ती फोटोशॉपात आणत असे. कुणी हेच वर्डचा स्क्रीनशॉट घेऊन करायचं, कुणी कोरलड्रॉमधून.

पुढे फोटोशॉपमध्ये देवनागरी आली, पण कशी, तर सेटिंगच्या आत. क्रिएटिव्ह क्लाउडच्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या आवृत्त्यांच्या, काळात प्रेफरन्सेसमधल्या टाइपच्या पानावर मजकूर-इंजिनाचे दोन पर्याय दिसू लागले: पूर्व आशियाई, आणि मध्यपूर्व व दक्षिण आशियाई. दुसरा निवडायचा, नवी फाइल उघडायची, जुन्या लेयरसाठी परिच्छेदाच्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचा, तेव्हा कुठे वेलांटी जागेवर. हे ठाऊक असणाऱ्याला दोन मिनिटांचं काम. ठाऊक नसणाऱ्याने ‘फोटोशॉपमध्ये मराठी युनिकोड चालत नाही’ असा निष्कर्ष काढला आणि तो क्लासमधून क्लासमध्ये शिकवला गेला. ज्या भाषा कोट्यवधी लोक लिहितात त्यांना पर्याय म्हणून कोपऱ्यात ठेवायचं, ही चाल मला त्या आधीच्या दुर्लक्षापेक्षाही जास्त खटकते. २०२२ या नावाने निघालेल्या आवृत्तीत सगळ्या लिप्यांसाठी एकच इंजिन आलं आणि हा खेळ संपला. तोवर सातला वीस वर्षं होत आली होती.

दरम्यान २०१३ साल दोन कारणांनी लक्षात राहिलं. सीएस२चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद झाल्यावर जानेवारीत बातमी पसरली की कंपनीने ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत आणि सिरीयल नंबर उघडपणे ठेवले आहेत. फोटोशॉप फुकट झालं, अशी आवई उठली. परवाना असलेल्यांसाठीच ते आहे, हा खुलासा आवईच्या मागून चालत आला. आणि मे महिन्यात जाहीर झालं की यापुढे पेटीतलं सॉफ्टवेअर नाही, दरमहा भाडं. सीएस६ ही कायमच्या मालकीची शेवटची. शहरातल्या व्यावसायिकांनी लाइटरूमसह (फोटो निवडून सुधारण्याचं ॲडोबीचंच सॉफ्टवेअर) मिळणारी छायाचित्रकारांची स्वस्त योजना घेतली. लग्नसराईच्या चार महिन्यांवर वर्ष काढणाऱ्याला दरमहाचा हप्ता नकोसा वाटला, यात नवल नाही.

फॉन्टांची बाजू मात्र याच दशकात झपाट्याने पालटली. मुक्ता, बालू, पॉपिन्स यांसारखे युनिकोड फॉन्ट मोफत, खुल्या परवान्याने आले आणि त्यांतले काही मुंबईतल्या अक्षर-रेखाटनकारांच्या हातचे आहेत. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हा प्रश्न इथेही राहिलाच: काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर हिंदी वळण येतं. बॅनरवर ते कुणाच्या ध्यानात येत नाही, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लगेच टोचतं.

आणि खुद्द बॅनर पीसीवरून उठून फोनवर गेलं. अँड्रॉइडची लिपी-जोडणी सुधारली तसं पिक्सेललॅबसारख्या ॲपमध्ये मराठी कसलीही खटपट न करता लिहिता येऊ लागली. गावातली पोरं नेत्याच्या वाढदिवसाचं डिझाइन बसल्या जागी फोनवर करतात, एकमेकांना त्या ॲपच्या पीएलपी फाइली पाठवतात. त्यांना श्री-लिपीचा कीबोर्ड शिकावाच लागलेला नाही. ब्राउझरमध्ये उघडणारं फोटोपीया पीएसडीही वाचतं, त्यामुळे जुन्या सजावटी वाया गेल्या नाहीत. २०२३ मध्ये फोटोशॉपात मजकूर लिहून चित्राचा भाग भरण्याची सोय आली. ती कंपनीच्या सर्व्हरवर चालते, तेव्हा सातवाल्या मशीनचा तिच्याशी संबंध येत नाही.

अडचण उरली आहे ती जुन्या फाइलींच्या साठ्याची. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते मजकुरावर चालतात. पीएसडीत तो लेयर-लेयरमध्ये अडकलेला असतो, तिथून एकेक काढून, बदलून, नव्या फॉन्टात पुन्हा बसवावा लागतो. त्यासाठी मूळ फॉन्ट कोणता हे फाइलमधल्या नावावरून कळतं. रास्टराइज केलेल्या फाइलीत तेवढंही नसतं, ओळ वाचून हाताने पुन्हा टाइप करायची.