स्पेनला येण्याआधी स्वतःची सायकल मोजा
(दक्षिण स्पेनमधल्या ग्राथालेमा सायकल सहलीच्या ग्राहकांसाठी)

तुम्ही पैसे भरलेत, व्हिसाच्या मागे लागलात, सिंहगड दोनदा चढून आलात. छान. आता आमच्या फॉर्मचं दुसरं पान उघडा, सायकलच्या मापांचं. बहुतेकांनी ते कोरं ठेवलेलं असतं, किंवा तिथे 'मीडियम' लिहिलेलं असतं. मीडियम शर्टाचं असतं. आम्हाला मिलिमीटर हवेत, तिथे तुम्हाला द्यायची सायकल आधीच जुळवून ठेवायला.

कारण सांगतो. आपला मुक्काम थाआरा दे ला सिएरा या गावात. नकाशावर तुम्ही त्याला झहारा म्हणाल, ते चालेल. गाव 511 मीटरवर, पांढऱ्या भिंतींचं, डोक्यावर जुन्या किल्ल्याचा बुरूज आणि पायाशी धरणाचं निळंहिरवं पाणी. पहिल्या दिवशी तिथूनच पुएर्तो दे लास पालोमास चढायचा. पुएर्तो म्हणजे बंदर, आणि घाटमाथ्यावरची खिंडही. ही कबुतरांची खिंड. धरणाच्या काठापासून बारा-तेरा किलोमीटर सलग चढ. सिंहगडाची काही वळणं याहून अंगावर येतात, पण सिंहगडावरून आपण पिठलं-भाकरी खाऊन घरी येतो. इथे माथ्यापलीकडे ग्राथालेमा, पुढे वियालुएंगा, मग बेनाओकाथ आणि उब्रीके, असा अख्खा दिवस बाकी असतो.

गेल्या वर्षी एका गटातल्या सहा जणांनी मापं पाठवली नव्हती. सकाळी गॅरेजमध्ये प्रत्येकाला सायकलवर बसवा, सॅडल वर, थोडं खाली, पुन्हा वर. माणशी वीस मिनिटं धरा. पावणेनऊला निघायचं ते पावणेअकराला निघालो. पुढचं गणित तुम्हीच करा. वाटेवरच्या गावातल्या हॉटेलाचं स्वयंपाकघर साधारण दीड-दोनला उघडतं आणि चारला बंद होतं. त्यानंतर रात्री साडेआठपर्यंत कुणी चूल पेटवत नाही. तुम्ही साडेचारला पोहोचलात तर कॉफी मिळेल, चिप्सचं पाकीट मिळेल, आणि मालक मनापासून हळहळेल. जेवण मिळणार नाही. त्या गटाने वियालुएंगात चिप्स खाल्ले आणि परत आल्यावर अभिप्रायात लिहिलं, 'जेवणाची व्यवस्था सुधारावी'.

मग पाचला का निघत नाही, हा ठरलेला प्रश्न. पुण्याच्या सवयीने तो बरोबरच आहे. पण स्पेनचं घड्याळ 1940 पासून मध्य युरोपाच्या वेळेवर चालतं आणि हा भाग देशाच्या पश्चिम टोकाकडे. त्यामुळे एप्रिलच्या मध्यात सूर्य पावणेआठनंतर उगवतो, ऑक्टोबरच्या मध्यात साडेआठच्या सुमारास. पाचला मिट्ट काळोख असतो, नाश्त्याचं दुकान बंद असतं, आणि रस्त्यावर रानातली जनावरं असतात. उलट संध्याकाळी पाचला ऊन ऐन भरात. म्हणजे सकाळचा तास गेला की तो दुपारच्या उन्हातून वसूल होतो.

तर मापं. घरी तुमची रोजची, अंगवळणी पडलेली सायकल भिंतीला टेकवून उभी करा. स्टीलचा टेप घ्या. शिंप्याचा नको, तो वाकतो. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जिथे फिरतो त्या जागेच्या मध्यापासून सीट ट्यूबच्या, म्हणजे सॅडलखालच्या नळीच्या, रेषेत सॅडलच्या माथ्यापर्यंत मोजा. जमिनीपासून नाही, पेडलपासून नाही. दरवेळी निम्मे लोक जमिनीपासून मोजतात आणि आम्हाला नऊशे-साडेनऊशेचे आकडे येतात, जिराफाची सायकल असावी तसे. दुसरं माप सॅडलच्या नाकापासून हँडलबारच्या मध्यापर्यंत. तिसरा आकडा क्रँकच्या लांबीचा, तो क्रँकवरच आतल्या बाजूला कोरलेला असतो, 170 किंवा 172.5. टेप लावलेल्या अवस्थेत एक फोटो काढून पाठवलात तर आम्ही चूक तिथेच पकडतो. पाच मिलिमीटरने काय होतं, असं विचारणाऱ्यांना तिसऱ्या दिवशी गुडघा उत्तर देतो.

पेडल स्वतःचे आणा. बुटाच्या तळाला बसवून पेडलमध्ये अडकवायच्या क्लीटचे प्रकार इतके आहेत की सगळे ठेवणं आम्हाला परवडत नाही, आणि तुमच्या बुटाला तुमचेच बसतात.

याच पानावर ब्रेकचा रकाना आहे. तो सोडू नका, हात जोडून सांगतो. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. सपाटीवर फरक कळत नाही. पालोमासच्या पलीकडे उतारावर वळण घेताना समोर शेळ्या आल्या की हात विचार न करता दाबतो, आणि तेव्हा कोणतं चाक अडतं याला महत्त्व येतं. आमच्या सायकलींना हायड्रॉलिक डिस्क आहेत. बाजू बदलायची म्हणजे नळ्या सोडायच्या, तेल भरायचं, हवा काढायची. आधी कळवलंत तर आदल्या दिवशी मेकॅनिक ते शांतपणे करतो, वेगळे पैसे नाहीत. सकाळी गॅरेजात सांगितलंत तर आम्ही नाही म्हणतो. यावरून एक-दोघं रागावले आहेत. रागावू द्या, घाईत केलेल्या ब्रेकवर आम्ही कुणाला घाट उतरू देत नाही.

गिअरबद्दलही नाराजी असते. आम्ही पुढे 50-34 आणि मागे 11-34 दातांच्या चकत्या देतो; मागची चकती जितकी मोठी तितका चढ हलका. 'मी 28 वर चढतो' असं सांगणारे भेटतात. चढत असतील. ज्यांना मागची 34 ची चकती नको होती त्यांनी ती चौथ्या दिवशी वापरलेली आम्ही पाहिली आहे, मागून, गाडीतून. स्वतःची सायकल आणायची असेल तर जरूर आणा. भाडं वजा करू. पण विमानात वाकलेला हँगर, म्हणजे मागचा गिअर धरणारा तुकडा, सरळ करण्यात जाणारा दिवस तुमचा.

बाकीचं थोडक्यात. वाहनं उजवीकडून चालतात. चूक सकाळी होत नाही, कॉफी पिऊन रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना होते. गाडीवाल्याने ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं हा कायदा आहे आणि तिथे तो बहुतेक जण पाळतात. ते पाहून पुण्याच्या माणसाला गहिवरून येतं. गावाबाहेर हेल्मेट लागतंच. चौकातल्या नळाचं पाणी प्या, 'नो पोताब्ले' (पिण्याचं नाही) लिहिलेलं सोडून. शाकाहारींनी 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) एवढंच म्हटलं तर ट्यूना मासा येऊ शकतो. आम्ही दिलेली चिठ्ठी दाखवा. वियालुएंगाचं पायोया शेळीचं चीज मात्र चुकवू नका.

विंडचीटर एप्रिलमध्येही लागतो. अटलांटिकवरून येणारे ढग आधी याच डोंगरांना धडकतात, आपल्या सह्याद्रीसारखे, म्हणून ग्राथालेमा हे स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक. पिन्सापो हा दुर्मीळ फर वृक्ष त्या ओलाव्यावरच टिकून आहे. तो भाग 1977 पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आहे. पिन्सापोच्या जंगलातली वाट पायी चालायची, तीही परवान्याने. ज्यांना जायचंय त्यांनी विश्रांतीच्या दिवसासाठी आधी नाव द्या.

पुणे-पिंपरीत राहणाऱ्यांकडे आम्ही येऊन माप घेतो, फुकट. चहा चालेल. येताना पुढच्या हंगामाचे मार्गही दाखवू, घ्यायची सक्ती नाही. बाहेरगावच्यांनी फोटो आणि आकडे निघण्याच्या तीन आठवडे आधी पाठवावेत. सॅडल स्वतःचं आणलंत तर उत्तमच. सीटपोस्ट, म्हणजे सॅडलखालची दांडी, आणू नका, ती बसत नाही.